सावली हरवलेला योद्धा

"ऐका! कार्डात बाई रडतेय!" कार्डबाबा ओरडला.

त्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. कॉम्प्युटरातली भुतं उतरवणाऱ्या ह्या बाबानं ताईचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, स्वतःच्या कॉम्प्युटरात बसवून सगळ्यात जड गेम लावला होता. पडद्यावरचा योद्धा अडखळत पळत होता, कोपऱ्यातला वेगाचा आकडा तिशीच्या वर जाईना आणि कार्डाचा पंखा खरंच हुंदके दिल्यासारखा वाजत होता. माझ्या अंगावर काटा आला. ताईनं तापानं फणफणलेल्या बाळाला घट्ट धरलं. ह्याच कार्डावर ती जाहिरातींची कार्टून बनवते, त्यावरच आमचं घर चालतं.

"कार्ड मधल्या दर्जाचं, पण बाधा पहिल्या दर्जाची!" बाबा म्हणाला. "डोळे मिटा सगळे. जो उघडेल त्याच्या घरातलं लेकरू जाईल."

सगळ्यांनी मिटले. मीही.

"फ्रेम फ्रेम फट् फट्..." आणि मंत्राच्या मधेच टिक, टिक. माउस! भुताला माउस कशाला लागतो? मी हळूच एक डोळा किलकिला केला. गेमच्या सेटिंगमध्ये 'सावल्या' दाखवायचा पर्याय होता, तो बाबानं गुपचूप बंद केला.

"उघडा!"

आकडा सत्तरवर. पंखा गप्प. लोकांनी हात जोडले.

"तात्पुरती शांत केलीय. कार्ड घरी नेलंस तर बाळाला धरेल. इथंच सोड, पोरी."

ताई रडवेली झाली. "राहू दे रे. बाळापेक्षा काय मोठं?"

"ताई, त्या योद्ध्याची सावली कुठाय?" मी विचारलं.

"अरे देवा! बाईनं सावली पण खाल्ली!" एक आजोबा दाराकडे पळाले.

"आजोबा, थांबा! ह्यानंच बंद केलीय. सावल्या काढतानाच कार्डाला धाप लागते."

"शाळा सोडलेलं कार्टं मला शिकवतंय!" बाबा ओरडला. "माउसला हात लाव, भाचा सकाळ बघणार नाही तुझा!"

खरंच काही झालं तर? पण माउसला हात लावला. सावल्या चालू केल्या, पंखा रडला. बंद केल्या, गप्प. परत चालू, परत रडला.

"बाई माझ्या बोटावर नाचते होय रे, बाबा?"

आजोबा परत आले. "सरक, मला बघू दे." त्यांच्या बोटावरही नाचली.

मग लोक हसले. बाबा नाही हसला.

कार्ड काढून घेतलं आणि तडक डॉक्टरकडे. बाळाचा घसा सुजला होता. ताप उतरेपर्यंत मी सारखा त्याच्या कपाळाला हात लावत होतो. भीती काय लगेच जाते? आज ते रांगत येऊन माझे केस ओढतंय.

सगळे आकड्याकडे बघत बसले, चित्राकडे कुणीच नाही. तुम्ही बघा. भीती वाटली तरी चालेल, पण कुणी डोळे मिटा म्हटलं की एक उघडा ठेवा.