मनगटापर्यंतची बाही

जंगू मोहाच्या झाडाखाली उभा होता आणि ओसरीवर चढायला काही केल्या तयार नव्हता. सोनीबाईने शिलाईयंत्राचं चाक हाताने धरून थांबवलं. भाऊ मिशनच्या आवारात आजवर कधीच आला नव्हता. असा माणूस चांगली बातमी घेऊन येत नसतो.

ती खाली उतरली. दोघं आपल्या गोंडीतच बोलली.

"यायो उठत नाई आता," जंगू म्हणाला. आईला ते यायो म्हणत. "पेज बी घेत नाई. तुयंच नाव घेऊन राह्यली."

मग त्याची नजर तिच्या चोळीवर गेली आणि तिथून जमिनीवर. पुढचं त्याने सांगितलं नसतं तरी तिला ठाऊक होतं. त्यांच्या गावात लग्न झालेली बाई चोळी घालत नाही. पदर खांद्यावरून घट्ट गुंडाळायचा, बस्स. आजी तशीच जगली, पणजी तशीच मेली. चोळी घालणं म्हणजे देवापुढे तोरा मिरवणं, असं गाव समजत होतं. इकडे मिशनमध्ये चोळी न घालणं म्हणजे देवापुढे निर्लज्जपणा. दोन्हीकडे लाजेचीच गोष्ट होती आणि दोन्हीकडे देव रागीट होता. मधल्या मध्ये सोनीबाई होती.

ती तशी अगदी साधी बाई. नवरा पत्रू मिशनच्या दवाखान्यात पाणी भरायचा आणि बागेचं पाहायचा. त्याच्या मागोमाग तिनेही बाप्तिस्मा घेतला, यंत्र चालवायला शिकली आणि नंतर आयुष्यभर चोळ्याच शिवत राहिली. एटापल्लीच्या आसपासच्या जंगलातून जी बाई विश्वासात येई तिला एक पांढरं लुगडं आणि सोनीबाईने शिवलेली एक पांढरी चोळी मिळायची. गळा बंद, पोट झाकलेलं आणि बाही मनगटापर्यंत.

बाहीचं माप शास्त्रात नव्हतं. बायबलातल्या पत्रात प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, एवढंच कळवलं होतं, की बायकांनी साजेशा वेषाने, भिडेने राहावं. सोनं, मोती, भारी कपडे आणि केसांचे थाट नकोत. मनगटापर्यंतचं माप मिशनच्या उपदेशकांनी, बापूजी मास्तरांनी घातलं. जंगलातल्या बायकांच्या हातांवर खांद्यापर्यंत गोंदण असतं. अंगावर खुणा करू नयेत असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे. झालेल्या खुणा पुसता येत नाहीत, म्हणून मास्तरांनी त्या झाकायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. आपल्या कळपातलं एकही मेंढरू हरवलं तर वर जाब द्यावा लागेल, या भीतीने त्याला झोप लागत नसे. गेल्या वर्षी रुखमा मंडईच्या जत्रेत पोवळ्यांची माळ घालून गेली, तेव्हा त्यांनी तिला प्रभुभोजनाची भाकर देणं बंद केलं आणि त्या दिवशी स्वतःही जेवले नाहीत. रुखमाचं दवाखान्यातलं कामही सुटलं होतं.

जंगूने निरोप सांगितला. गावाचा पुजारी, चैतू गायता, म्हणाला होता की लेकीने लेकीसारखं यावं, नाहीतर शिवेच्या आत पाऊल टाकू नये.

हे ऐकून तिला राग यायला हवा होता, पण आली ती भीतीच. बाप वारला तेव्हा ती चोळी घालूनच गावात गेली होती, कोणाला न जुमानता. तिची पाठ वळली आणि गावात देवी आल्या. घराघरांतली पोरं फोडांनी भरली. जंगूचा मुलगा गेला, चैतू गायत्याचा नातू गेला. मिशनमधले म्हणाले, हा रोग आहे, याला टोचून घेतात. सोनीबाईने मान डोलावली. पण यंत्रावर बसली की चाकाच्या आवाजातून तिला ती पोरं रडताना ऐकू यायची. आपणच ते गावात नेलं, असं तिला मनातून वाटायचं आणि असं वाटतं म्हणून आपला विश्वास कच्चा आहे, याचंही भय वाटायचं. हे तिने पत्रूलाही कधी सांगितलं नाही.

पत्रू धान आणायला वडशाला गेला होता. एकट्या बाईला जंगलात कसं पाठवायचं, म्हणून मास्तरांनी आपली बायको कमळाबाई सोबत दिली. ती दवाखान्यात मलमपट्टी करायची; औषधाची पेटी तिने डोक्यावर घेतली. सोबत म्हणून दिली हे खरं, पण नजर ठेवायला दिली हेही तितकंच खरं, आणि ते तिघांनाही माहीत होतं.

पहाटे तिघं निघाली. पुढे जंगू कुऱ्हाड घेऊन, मागे दोघी. मोहफुलं वेचायला कोणी दिसत नव्हतं, कारण त्या बाजूला वाघीण पिलांसकट फिरत होती. कमळाबाई वडशाकडची, भाताच्या बांध्यांमध्ये वाढलेली. पानाचा आवाज झाला की ती सोनीबाईचा दंड पकडायची आणि मग लाजून सोडायची. सोनीबाईला वाघिणीचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त शीव होती.

शिवेवर सागाचा एक जुना खांब होता आणि त्याच्या बुडाशी येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेला दगडांचा ढीग. खांबाच्या पलीकडे चैतू गायता उकिडवा बसला होता. त्याच्या मागे गावातले काही लोक. सोनीबाई तिथेच थांबली.

"पोरी, मी तुले हाकलून नाई राह्यलो," गायता म्हणाला. "मले भेव वाट्टे. अजून पोरं आहेत ना गावात."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एखाद्या झाडामागे जायचं, चोळी काढायची, पदर गुंडाळायचा आणि आईपाशी जायचं. एवढंच करायचं होतं. तिचा हात गळ्याच्या गुंडीकडे गेलासुद्धा.

कमळाबाई तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "सोनीबाई, तू काढशीन त मी काई तुले अडवत नाई. पण मास्तरांनी इचारलं त मले खोटं बोलता येत नाई. मी सांगीन."

हात खाली आला. आत जायचं तर चोळीसकट जाता येत नव्हतं आणि चोळी काढून गेलं तर परत तोंड दाखवायला जागा नव्हती. काम जाईल, पत्रूचंही जाईल. आणि त्याच्याही पलीकडे, तो जो वर बसून सगळं पाहतो तो काय म्हणेल, हे होतंच. सोनीबाई दगडांच्या ढिगाशेजारी बसली. ना पुढे, ना मागे. आई हाकेच्या अंतरावर मरत होती आणि लेक भीतीने जागची हलू शकत नव्हती. स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

जंगू तिच्याकडे पाहत राहिला, मग गावात गेला.

ऊन चढलं. गायता उठला नाही, तीही उठली नाही. आतून रडण्याचा आवाज येतो का म्हणून ती कान लावून होती. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द आठवेनात आणि गावच्या देवाचे शब्द मात्र न बोलावता तोंडाशी येऊ लागले. तिने ओठ दातांखाली धरले.

मग वाटेवर एक बाज दिसली. जंगू आणि आणखी तिघं ती खांद्यावर घेऊन येत होते. गायता धडपडत उठला. बाजेवर बुधरी होती, तिची आई, एवढीशी होऊन गेलेली.

"यायो म्हणते, तिले भेव वाट्टे त मीच जातो," जंगू म्हणाला. आणि गायत्याकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "शिवेच्या भाईर चोळीची मनाई नाई ना?"

गायत्याने पुढे येऊन स्वतः बाजेच्या एका पायाला हात लावला आणि खांबाच्या बाहेर, साजाच्या झाडाखाली ती टेकवली.

आईचे डोळे उघडे होते. सोनीबाई तिच्या छातीवर डोकं ठेवून रडली. आईने रडू दिलं, मग तिच्या डाव्या हाताची बाही बोटांनी चिमटीत धरली.

"हात दाखव," ती म्हणाली.

सोनीबाईने हात पुढे केला.

"हा नाई. वरचा. म्या गोंदवला तो." तिला दम लागला. "तिकडे गेल्यावर दुसरं काईच सोबत येत नाई. गोंदण येते. तू माह्या मागून येशीन तवा मी तुले ओळखू कशी? तुवा त सारंच झाकून टाकलं."

सोनीबाईने बाही वर सारायला घेतली. ती मनगटाच्या वर सरकेना. सरकणारच नव्हती, वर सरकू नये म्हणूनच तिने ती तशी शिवली होती, मनगटाशी तंग आणि कडेने दुहेरी शिलाई. आपल्या हातच्या पक्क्या शिवणीचा तिला अभिमान होता. तिने शिवण दातांत धरून ओढली. मनगटापासून थोडी उसवली आणि अडकली. पुन्हा ओढली. दोरा दातांत रुतला, हिरडीतून रक्त आलं, पांढऱ्या कापडावर डाग पडला. आई वाट पाहत होती. आईचा श्वास मध्येच थांबत होता आणि पुन्हा लागत होता. सोनीबाईने शिवण पुन्हा दातांत धरली.

कमळाबाई तोंड फिरवून उभी होती. ती तशीच, न वळता, औषधाच्या पेटीपाशी खाली बसली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग ती आली, सोनीबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पट्ट्या कापायच्या कात्रीने बाही मनगटापासून खांद्यापर्यंत शिवणीवर उघडत नेली. एकदाही थांबली नाही.

गोंदण जिथल्या तिथे होतं. हिरवट काळे ठिपके, मध्ये फणीसारखी एक आकृती, खांद्याजवळ विंचू. तेव्हा सोनी एवढीशी होती, ओरडून तिने सगळं गाव डोक्यावर घेतलं होतं आणि आईने तिला मांडीखाली दाबून धरलं होतं. आईने आता एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर बोट नेलं. विंचवापाशी ते थांबलं.

"आहे," ती म्हणाली.

उन्हं कलायच्या आत ती गेली.

बाज पुन्हा उचलली तेव्हा सोनीबाई तिच्यामागून चार पावलं गेली आणि खांबापाशी थांबली. आत जायला तिला कोणी अडवलं नाही. गायता तर बाजेला खांदा देऊन चालला होता, त्याचं लक्षही नव्हतं. तीच गेली नाही. पोरं होती गावात. आईची माती तिने शिवेवरून पाहिली, म्हणजे धूळ आणि माणसांच्या पाठी, आणि मग तेही दिसेनासं झालं. फाटलेली बाही तिने पदरात गुंडाळून घेतली होती. कमळाबाई शेजारी उभी होती. तिला आता पानांच्या आवाजाचं भय वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर तिने दाखवलं नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. सोनीबाईला आदल्या दिवसापासून अन्न गेलं नाही. बाही शिवून टाकायला तिला कितीसा वेळ लागला असता, पण यंत्रापाशी बसली की हात चालेना. ती तशीच, पदर लपेटून मिशनच्या मंदिरात जाऊन बसली.

भाकर फोडण्याआधी, हातून काही चूक घडली का, असं मास्तर एकेकाला विचारायचे. त्यांनी तिला काही विचारलं नाही, बायकोकडे पाहिलं.

"शिवेच्या आत गेली नाई," कमळाबाई उभी राहून म्हणाली. "चोळी काढली नाई."

"आणि बाही?" पदराबाहेर लोंबणाऱ्या कडेकडे पाहत मास्तर म्हणाले.

"बाही मी कापली."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. सोनीबाईला वाटलं, आता छप्पर कोसळेल. मास्तर ताट घेऊन निघाले आणि सोनीबाईला वगळून पुढे गेले. तिच्या शेजारी कमळाबाई होती. तिच्यापुढे ते थांबले. ताट पुढे केलं. कमळाबाईने हात मांडीवरच ठेवले आणि मानेने नको म्हटलं. ताट पुढे गेलं.

सोनीबाईचं काम गेलं नाही. सोमवारी ती भीतभीत ओसरीवर आली, तेव्हा यंत्राच्या फळीवर एका चिंधीत गुंडाळलेली बटनं होती, मास्तरांच्या जुन्या सदऱ्यांची, काही एका रंगाची, काही दुसऱ्या. कमळाबाई आवार झाडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"लावली की झाकलेलंच राह्यते," ती झाडता झाडता म्हणाली.

सोनीबाईने बाहीची कड दुमडली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बटनं लावली. पुढे तिने शिवलेल्या प्रत्येक चोळीची डावी बाही अशीच असे. मास्तरांनी ते पाहिलं होतं. काही महिन्यांनी त्यांनी दोघींपुढे ताट पुन्हा धरलं, पण बटनांचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

सोनीबाई गेली तेव्हा कमळाबाई म्हातारी झाली होती, नीट दिसत नव्हतं. न्हाऊ घालून सोनीबाईला पांढरं लुगडं आणि तिच्याच हातची चोळी घातली. शवपेटी आणली. बायकांनी डाव्या बाहीची बटनं लावली होती. कमळाबाई पेटीपाशी बसली आणि चाचपडत ती एकेक काढू लागली. झाकण ठेवायला माणसं आली तरी तिने ती पुन्हा लावू दिली नाहीत.