पुंडलिकरावाच्या वावराखालचा पाइप

मी जमिनीत गाडलेला पाइप बोलतोय. आष्टीकडच्या एका गावात रूपराव होते, त्यांची आनंदाबाई होती, इंजिनिअरिंग शिकणारी लेक काजल होती, अन् धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून चुलतभाऊ पुंडलिकराव. टाकीतलं पाणी रूपरावांच्या संत्र्यांना नेणं माझं काम, पण माझी वाट पुंडलिकरावाच्या वावराखालून.

शेवटच्या झाडांशी माझी धार मरतुकडी व्हायची. झाडं वाळू लागली अन् घरात पाणीचोरीचा संशय शिरला. पुंडलिकराव धुऱ्यावर चपलेतला खडा काढायला बसला तरी रूपराव डोळे बारीक करून पाहत.

सुट्टीत काजल आली. लॅपटॉपवर तिनं माझी लांबी अन् व्यास भरला. यंत्रानं विचारलं, पाणी कसं वाहते? लॅमिनार, म्हणजे थरावर थर, सरळ? की टर्ब्युलंट, म्हणजे घुसळत? टोकाची संथ धार पाहून तिनं लॅमिनार निवडलं. आतला गोंधळ मलाच ठाऊक, पण मला विचारतो कोण?

"बाबा, पाणी पाइपाले नुसतं घासून इतका जोर कमी होत नाई. मधातच कोणी पाणी काढून राह्यलं."

"मले वाटलंच. उद्या त्याचं वावर खोदतो."

"खोदा," आनंदाबाई म्हणाली. "काही सापडलं नाई तं तोंड कोणाले दाखवसान?"

दुसऱ्या दिवशी टाकी धुतली. त्या घरची रीत अशी, की धुतल्यावर पाणी सोडून पाइपाच्या तोंडाशी हळदीच्या पाण्याची बारीक धार सोडायची अन् टोकाशी ते पाणी लोट्यात धरून झाडांवर शिंपडायचं. लोटा काजलच्या हातात होता. सरळ वाहिलं असतं तर साध्या पाण्यात हळदीची वेगळी रेघ आली असती. आलं ते सारंच पाणी पिवळं.

काजल तिथंच बसली. लॅपटॉपवर टर्ब्युलंट निवडलं. यंत्रानं दाखवलेली धार अन् समोरची धार एकसारखी. चोर कोणी नव्हताच. मी बारीक होतो, पाणी माझ्या अंगाशी झुंजून थकायचं.

ती धावत धुऱ्यावर गेली. रूपराव फावडं घेऊन उभे.

"काऊन बे रूपा, माह्या वावरात काय पुरलं हाय तुह्यं?" पुंडलिकराव विचारत होता.

"बाबा, थांबा. हिशेब माहाच चुकला." मग ती वळली. "काका, मोठा पाइप टाकाचा हाय. खोदू देसान?"

पुंडलिकरावानं दोघांकडे संशयानं पाहिलं. "पाइपच ना?"

"हव, काका."

"मंग आण ते फावडं. तुह्या बापाले सरळ नाली जमत नाई."

आता मी धुऱ्यावर उन्हात पडून आहे. माझ्या जागी माझा जाड भाऊ. भंगारात देऊ नका, एवढंच मागणं. यंदा शेवटच्या झाडांनीही आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, धरला, अन् बाग पाहून संत्र्यांचा व्यापारी सौद्यासाठी रूपरावांच्या अंगणात स्वतःहून खाट ओढून बसला.