आजीची चेष्टा

मे महिन्यात जयपूरमधली शहाणी माणसं दुपारी पडदे ओढून कूलरपुढे आडवी होतात. तिथल्या सोडाला भागात राहणाऱ्या सुलोचनाबाई मात्र नेमक्या त्याच वेळी मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसायच्या. लोकर, आणि तीही मे महिन्यात! त्यांच्या यजमानांना, वसंतरावांना, नुसतं बघूनच घाम फुटायचा, आणि फुटला की ते तसं बोलून दाखवायचे.

"अगं, बाहेर डांबर वितळतंय आणि तू लोकर कसली घेऊन बसलीस? बघणाऱ्याला घामोळं येईल."

"मग बघू नका," सुलोचनाबाई म्हणायच्या आणि पुढचा खांब घालायच्या.

क्रोशात साखळी असते आणि खांब असतो. साखळी म्हणजे सुईने एका फासातून दुसरा फास ओढत जायचं. तेवढं कुणालाही जमतं. खांब म्हणजे त्या साखळीवर उभा केलेला टाका; त्याला मात्र हात बसावा लागतो. सुलोचनाबाईंचा हात असा बसलेला होता की डोळे टीव्हीवर असले तरी खांब आपले ओळीने उभे राहायचे. एखादा चुकून वाकडा गेलाच, तर त्या तिथल्या तिथे उसवायच्या. उसवणं हा त्यांचा स्वभावच होता. स्वतःचं उसवायच्या, शेजारणीचं उसवायच्या. एकदा तर दुकानातून आणलेल्या कानटोपीचा काठ पसंत पडला नाही म्हणून ती टोपीच उसवून ठेवली होती. "हिला माझं कपाळ तेवढं उसवता आलं नाही," असं वसंतराव आल्यागेल्याला सांगायचे.

ही सगळी लोकर उरलेली होती. वसंतराव रेल्वेत, मिरजेहून बदली होऊन जयपूरला आले आणि रिटायर होऊनही इथेच राहिले. मिरजेच्या माणसाला जयपूरची थंडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पहिल्या डिसेंबरात सुलोचनाबाईंनी घाबरून विणायला जी सुरुवात केली, ती आजतागायत थांबलेली नव्हती. प्रत्येक स्वेटरमागे लिंबाएवढा गुंडा उरायचा. टाकवत नाही म्हणून तो दिवाणाच्या पेटीत जायचा. आता त्या साऱ्या गुंड्यांचे तळहाताएवढे चौकोन होत होते आणि चौकोनाला चौकोन जोडून एक भलंथोरलं पांघरूण तयार होत होतं.

"हा पोपटी कुठला, ओळखला का?" सुलोचनाबाईंनी एकदा विचारलं.

"ओळखणार नाही? माझा हाफ स्वेटर! तो घालून मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो आणि ड्रायव्हर मलाच सिग्नल समजायला लागला." वसंतरावांनी चष्मा नाकावर ओढून पांघरूण निरखलं. "आणि हा लाल त्याच्या शेजारीच लावलास? आता गाडीनं थांबायचं की निघायचं?"

सुलोचनाबाईंना हसू आलं. पण ते दाखवलं असतं तर वसंतराव संध्याकाळपर्यंत गप्प बसले नसते. म्हणून त्यांनी ते गिळलं.

हे सगळं चाललं होतं अनुयासाठी. अनुया त्यांची नात. जनावरांची डॉक्टर व्हायला ती हिमाचलात, पालमपूरला जाणार होती. तिथे समोरच बर्फाचे डोंगर आहेत, असं तिने मोबाइलवर दाखवलं, आणि तो फोटो बघूनच सुलोचनाबाईंना हुडहुडी भरली. त्यांनी त्याच दिवशी दिवाण उघडला.

पण जुलैत एक घोटाळा झाला. अनुयाची आई प्रियंका इथलीच, सांगानेरची. तिच्या माहेरी कापडावर ठशांची छपाई चालते. एके दिवशी अनुयाची नानी रजई घेऊन आली. खरी जयपुरी रजई! पांढऱ्यावर निळी बारीक बुट्टी, हाताला रेशमासारखी मऊ, आणि घडी केली तर उशीच्या अभ्र्यात मावेल इतकी. सुलोचनाबाईंनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. वजन म्हणून नव्हतंच तिला. त्यांचं पांघरूण उचलायचं तर आधी पदर खोचावा लागत होता.

"वाह नानी, कित्ती हलकी!" अनुया रजईत तोंड खुपसून म्हणाली. मग आजीचं पांघरूण उचलून पाहत म्हणाली, "आणि ही बघा, आजीची. बाप रे, भारी आहे!"

विहीणबाईंपुढे काय बोलणार? सुलोचनाबाईंनी चहा टाकला. पण मनात ठरवून टाकलं, की आपण "घे" म्हणायचं नाही. पोरीने आपणहून मागितलं तर द्यायचं, नाहीतर दिवाण आहेच. म्हाताऱ्या माणसाने स्वतःची वस्तू गळ्यात मारू नये. असं ठरवलं खरं, पण तेव्हापासून त्या अनुयाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, ती केव्हा मागते म्हणून. ती काही मागेना.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती बसला. जयपुरातली मराठी माणसं एरवी एकमेकांना भाजीबाजारात हिंदीतच हाक मारतात. पण गणपतीच्या दिवसांत त्यांना मराठीचा भलताच उमाळा येतो. मधुमतीताई मंडळाच्या कार्यवाह. त्यांनी यंदा हस्तकलेचं प्रदर्शन ठेवलं होतं आणि हुकूम सोडला होता, की ज्याच्या घरची वस्तू, त्या घरच्या नव्या पिढीने ती माइकवर दाखवायची. शुद्ध मराठीत.

अनुया चार दिवस आरशापुढे पुटपुटत होती. घरात ती मराठी बोलायची, पण त्यात पावलोपावली "मतलब" आणि "इसलिए". शाळेतल्या हिंदीत ती हुशार होती आणि त्यावरून तिने मराठीचं एक सोपं सूत्र बांधलं होतं. साधा शब्द असला तर तो हिंदी. जड शब्द असला तर तो मराठी. बऱ्याचदा ते लागूही पडायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी तिने पांघरूण दोन्ही हातांत उंच धरलं. हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये ते असं झळाळलं, की मधुमतीताईंच्या पांढऱ्याशुभ्र क्रोशाच्या रुमालांकडे कुणी बघेना. सुलोचनाबाई दुसऱ्या रांगेत, इरकलीचा पदर सावरून बसल्या होत्या.

"नमस्कार," अनुया म्हणाली. "ही माझ्या आजीची चेष्टा आहे."

हॉलमध्ये खसखस पिकली. सुलोचनाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आजीने पूर्ण उन्हाळा चेष्टा केली. कूलर बंद पडला, तरी तिने चेष्टा सोडली नाही. आमच्या घरात सगळे थोडी थोडी चेष्टा करतात. फक्त आजोबा!" तिने वसंतरावांकडे बोट दाखवलं. "आजोबांनी आयुष्यात एक पण चेष्टा केली नाही."

हॉलभर हशा उसळला. ज्यांना कळलं तेही हसले आणि ज्यांना कळलं नाही तेही हसले. वसंतराव तर इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. अनुया मात्र गंभीर होती; आपलं भाषण रंगतंय, एवढंच तिला दिसत होतं.

"पालमपूरला मी सगळ्यांना ही चेष्टा दाखवणार," तिने शेवट केला. "माझी आजी केवढी चेष्टा करू शकते, ते सगळ्यांना कळलं पाहिजे. धन्यवाद."

टाळ्या कडाडल्या. सुलोचनाबाईंचे हात मांडीवरच राहिले. नवऱ्याने चेष्टा केली तर एक वेळ चालतं. त्याला तेवढा एकच उद्योग आहे. पण पोरीने भर मंडळात आपलं हसं करावं? आणि वर ते पालमपूरपर्यंत न्यायचं म्हणते! त्यांना फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी पांघरूण दिवाणात ठेवलं, वर जुन्या चादरी टाकल्या आणि झाकण लावलं. मोदक केले, आरत्या म्हटल्या, विसर्जनाला गेल्या. पण क्रोशाच्या सुईला हात लावला नाही.

वसंतरावांना यातलं काही उमगलं नाही. रेल्वेच्या हिंदी परिपत्रकांवर त्यांची सगळी नोकरी गेलेली. त्यांना भाषण पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, आणि हिलाही कळलंच असणार, असं ते धरून चालले होते. पण सुलोचनाबाईंची हिंदी भाजीवाल्याची, दूधवाल्याची. त्यांच्या हिंदीत चेष्टा नव्हती. बायको गप्प आहे ती नात जाणार म्हणून, असं समजून वसंतरावही जरा कमी बोलायला लागले. वर्तमानपत्र घेऊन दुपारभर गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसायचे. इतकं काय वाचतात, असं एरवी सुलोचनाबाईंनी विचारलं असतं. आता विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अनुयाची सुटकेस हॉलमध्ये उघडी पडली होती. रजई केव्हाच आत गेली होती.

"आजी, माझं ब्लँकेट कुठे आहे?"

सुलोचनाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कशाला हवंय? तिकडे नेऊन चेष्टा करायला?"

"मी कुठे केली? चेष्टा तर तू केली ना."

"मी?" मेथीची जुडी ताटात आपटली. "मी चेष्टा केली? उन्हाळाभर मान मोडून विणलं, ती चेष्टा?"

"हो! मतलब, तेच तर मी बोलले!" अनुया गोंधळली. "इतकी मोठी चेष्टा कोणी करतं का, आजी? मला तर रडू येत होतं बोलताना, आणि सगळे हसत होते. इसलिए मी जोरात बोलले."

वसंतराव दारात येऊन उभे होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अरे देवा," ते म्हणाले. "म्हणजे तुला त्या दिवशी कळलंच नव्हतं? अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश! प्रयत्न!"

"मग कोशिश म्हणायचं होतंस की गं!" सुलोचनाबाई ओरडल्या.

"कोशिश तर हिंदी आहे ना, आजी," अनुया रडवेली होऊन म्हणाली. "मला शुद्ध मराठी बोलायचं होतं."

सुलोचनाबाई मेथीचं एक पान हातात धरून ते सगळं भाषण पुन्हा मनात ऐकत होत्या. कूलर बंद पडला तरी तिने सोडली नाही. माझी आजी केवढी करू शकते, ते सगळ्यांना कळलं पाहिजे. एकेक वाक्य त्यांनी उसवलं आणि सरळ विणून घेतलं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि त्यांना इतका आनंद झाला, की काय करावं ते सुचेना. म्हणून त्यांनी अनुयाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आणि इतके दिवस मागितलं नाहीस ते?"

"माझंच आहे ना? मी का मागू?" अनुया पाठ चोळत म्हणाली.

"पण तूच म्हणालीस ना, भारी आहे म्हणून."

"ते तर आहेच. वरून रजई, खालून... नाही, खालून रजई, वरून तुझं. बर्फ आहे तिथे, आजी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पठाणकोटची गाडी होती; पालमपूरला तिथूनच पुढे जायचं. पांघरूण सुटकेसमध्ये मावणार नव्हतंच. सुलोचनाबाईंनी त्याची घट्ट वळकटी केली, पूर्वी प्रवासात बिछान्याची करायचे तशी. पण बांधायला काही सापडेना. सुतळीने लोकर ओढली गेली असती, पायजम्याची नाडी पुरेना.

"थांबा," वसंतराव म्हणाले. ते जिना चढून वर गेले आणि खाली आले ते हातात एक भेंडोळं घेऊन. त्यांनी ते बायकोपुढे धरलं, पण बघत होते सुटकेसकडे.

ती क्रोशाची साखळी होती. नुसती साखळी, एकही खांब नाही. लोकरीच्या पिशवीच्या तळाशी उरलेले वीतभर तुकडे एकाला एक गाठी मारून जोडलेले. लाल, पोपटी, मोरपिशी, पुन्हा पोपटी. एक फास आवळलेला, पुढचा ढिला, त्यापुढचे दोन कुठे निसटले होते ते देवाला ठाऊक. गच्चीवरच्या खोलीत दुपारभर वर्तमानपत्र कुणी वाचलं नव्हतं.

सुलोचनाबाईंचं बोट सवयीने पहिल्या निसटलेल्या फासाशी गेलं. एवढासा धागा ओढला असता, तर सगळी साखळी सरसर उसवून आली असती. बोट तिथेच थांबलं. मग त्यांनी ती साखळी वळकटीभोवती दोनदा फिरवली, गाठ मारली आणि उरलेल्या टोकाचा खांद्याला अडकवायला पट्टा केला. पुरून उरली.

"आजोबांची पण चेष्टा!" अनुया टाळी वाजवून म्हणाली.

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय हो," त्या म्हणाल्या, "हिंदीतली की मराठीतली?"

"हिंदीतली," वसंतराव म्हणाले, आणि रिक्षा आली का ते बघायला बाहेर गेले.