तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

“मोठ्याने बोला, एमाहोय. ह्यांना डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीचं तेवढंच येतं,” तिरिंगो म्हणाली.

“काय म्हणतेय ही?” चेकोलने विचारलं.

“तुमचं कौतुक करतेय!” एमाहोय हिरुत त्याच्या उजव्या कानाशी ओरडल्या. मठातल्या सगळ्याच संन्यासिनींना एमाहोय म्हणायचं, पण हिरुत त्यांच्यात थोरल्या. मठात कोणाला घ्यायचं नि कोणाला खालच्या खाली परत धाडायचं, ते त्या ठरवत. “चला आत. तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय. बायको बाहेर थांबेल.”

चेकोलने खांद्यावर पांघरलेला जाड गाबी सावरला आणि वाकून झोपडीत शिरला. मागे दार लागलं. दार कसलं, वेताचा तट्ट्या होता तो.

तिरिंगो अंगणातल्या ऑलिव्हच्या झाडाखाली जाऊन बसली. तिथे त्यांचा शेजारी बितेव खेचराला चारा घालत होता. पलीकडे चार-पाच संन्यासिनी मसूर निवडत होत्या. डोंगर चढून आल्याने तिरिंगोचे गुडघे ठणकत होते, पण आज तिला त्यांचाही राग येत नव्हता.

मठाचा नियम साधा होता. ज्या जोडप्याने प्रभुभोजन घेऊन लग्न पक्कं केलं, त्यातल्या एकाला इथे यायचं तर दुसऱ्याने राजीखुशीने सोडायला हवं. आणि जी येणार तिला तीनदा विचारायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी. कुणी बळजबरी केली का, कशापासून पळून आलीस का, मागे कुठला दोर ओढतोय का. तिरिंगोने दोनदा तिन्ही प्रश्नांना नाही म्हटलं होतं. आज तिसरी खेप. उत्तर बरोबर आलं तर दुपारीच विधी व्हायचा होता.

“वहिनी, अजून वेळ गेलेली नाही,” बितेव म्हणाला. “ह्या वयात त्याला इंजेरा कोण भाजून घालणार?”

“तुझी बायको.”

“माझी बायको मलाच जळका वाढते.”

“मग दोघं मिळून जळका खा. बेचाळीस वर्षं माझ्या हातचा खाल्लाय ह्यांनी, पुरे झालं.”

बोलली खरी, पण आवाजात हसू होतं. इतका आनंद तिला लपवता येत नव्हता, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

देवाकडे जायची तिची ओढ आजची नव्हती. नऊ वर्षांची असताना ती आत्याला भेटायला ह्याच मठात आली होती, आणि पहाटेच्या प्रार्थनेत उभी राहिल्यावर तिला वाटलं होतं की आपल्याला दुसरं काहीच नको. घरी येऊन तिने तसं सांगितलं. बाप हसला आणि दोन वर्षांनी तिला खेचरावर बसवून चेकोलच्या घरी पोचती केली. तिला कुणी विचारलं नाही. मुलीला विचारायचं असतं, हेच तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

चेकोल वाईट माणूस नव्हता. पुढे त्याने बाजाराच्या गावात डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी घेतली आणि तिच्या धडधडाटात कान घालवून बसला. नवऱ्याशी मोकळं बोलता येऊ लागलं तेव्हा तिरिंगोने त्याला मनातलं सांगितलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, “पोरं मोठी होऊ देत, मग मीच पोचवीन तुला.” शब्द दिला आणि मग चुकवत राहिला. ह्या वर्षी तेफच्या कापणीचा हंगाम आहे. ह्या वर्षी गिरणीचा पट्टा तुटलाय. तो पट्टा त्यानंतर दरवर्षी तुटत होता.

दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरा यितायल वाढला, फौजेत गेला, आणि चार वर्षांपूर्वी त्याच्याही मरणाचा निरोप आला. मुलगा गेला म्हणून ही देवाच्या नादी लागली, असं गाव म्हणे. गावाला हाताशी असलेलं कारण पुरतं. खरं तर यितायल गेल्यावर तिरिंगो वर्षभर चर्चची पायरी चढली नाही, इतकी देवावर चिडली होती. मग एक दिवस गेली. समजूत पटली म्हणून नव्हे. राग घेऊनसुद्धा जावंसं वाटलं ते तिथेच, म्हणून.

आणि ह्या वर्षी ईस्टरआधीचा मोठा उपवास सुटल्यावर चेकोल आपणहून म्हणाला होता, “चल. सोडतो तुला.” ती थक्क झाली होती. का, म्हणून विचारलं नाही. विचारलं तर तो मागे फिरेल अशी धास्ती वाटली.

झोपडीतून एमाहोय हिरुतांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. चेकोलचे मात्र सगळे कळले. बहिऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही. हळू बोलतोय असं समजून तो गिरणीवर बोलायचा तसाच बोलत होता.

“दुसरी बाई? छे हो! ह्या वयात? मी राजीखुशीने सोडतोय.”

मसूर निवडणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तिरिंगोही हसली.

एमाहोयांनी आणखी काही विचारलं. मग पुन्हा चेकोलचा आवाज.

“तिला सांगणार नसाल तर बोलतो. क्रूसावर हात ठेवा. हं. मला पोटात गाठ आहे, एमाहोय. बहिरदार शहरातल्या डॉक्टरने फोटो काढून दाखवली. कापायची वेळ गेली, म्हणाला. पावसाळा सरल्यावर मस्कलचा सण बघितलास तर नशीब.”

बायकांचे हात थांबले. बितेवने खेचराच्या तोंडावरून हात फिरवायला घेतला आणि तो फिरवतच राहिला.

“घरी ठेवलं तर ठेवता येईल तिला. माझी घाण काढत बसेल. तोंडातून शब्द काढणार नाही, तशीच आहे ती. मी मेल्यावर मग येईलच इथे. पण काय उरलेलं असेल तिच्यात? आधी बापाने घेतली, मग मी घेतली, पोरांनी घेतली. आपण उष्टं देवापुढे ठेवतो का? मी शब्द दिला होता. मला ती उरलेली नाही द्यायची. जेवढी आहे तेवढी सगळी द्यायचीय. तिला कळू देऊ नका बस.”

तिरिंगोच्या हातात काडी होती, तिचे तिने बारीक बारीक तुकडे केले.

“तुला माहीत होतं?” तिने बितेवला विचारलं.

“मीच नेलं होतं त्याला.”

“तू म्हणालास, पट्टा आणायला चाललोय.”

“शपथ घातली होती, वहिनी.” बितेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आता झालं ना कळून? चल उठ. खेचरावर बस. नाटक संपलं.”

तट्ट्या सरकला आणि चेकोल बाहेर आला. मोठी गुप्त कामगिरी पार पाडून आल्यासारखा चेहरा होता त्याचा. सगळ्या बायकांच्या माना खाली.

“हो म्हणून आलो,” तो तिरिंगोला म्हणाला.

“एवढा वेळ?”

“म्हातारी पिठाचा भाव विचारत होती. फार चौकस बाई.”

तिरिंगोने त्याच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. उपवासाने झालंय, असं ती तीन महिने मानत आली होती. मानणं सोयीचं होतं.

“जा आता. तुला बोलावतायत,” तो म्हणाला.

आत काळोख होता. एमाहोय हिरुत जमिनीवर बसल्या होत्या, क्रूस मांडीवर.

“ऐकलंस?”

“सगळ्या डोंगराने ऐकलं.”

“मी क्रूसावर हात ठेवलाय. मी तुला काही सांगितलेलं नाही.”

“नाही सांगितलंत.”

“मग मीही तुला काही विचारत नाही. उठ आणि नवऱ्याला घेऊन घरी जा. देव कुठे पळून जात नाही. नवऱ्याला पुरून ये. तेव्हाही हेच दार आहे.”

तिला घरी जावंसं वाटत होतं. त्याला बार्लीची पेज भरवावी, पाय चेपावेत, शेवटच्या श्वासाला आपला हात त्याच्या हातात असावा, असं अगदी पोटातून वाटत होतं. आणि त्याच वेळी आपल्याला इथून उठायचं नाही, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं. हे दुसरं दिसतं ह्याची तिला भीती वाटली. आपण माणूस आहोत की कोण?

“विचारा, एमाहोय,” ती शेवटी म्हणाली. “नियम आहे. तिसऱ्यांदा विचारा.”

“तिरिंगो.”

“विचारा. बापाने विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.”

म्हातारीने क्रूस उचलला. “कुणी बळजबरी केली?”

“नाही.”

“कशापासून पळून आलीस?”

“नाही. पळायचं असतं तर आत्ता घरी पळाले असते. तेच सोपं आहे. सगळे शाबासकी देतील.”

“मागे कुठला दोर ओढतोय?”

“ओढतोय,” तिरिंगो म्हणाली. “आतडं बाहेर यावं इतका ओढतोय. तरी येते.”

एमाहोय हिरुतांनी क्रूस खाली ठेवला. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी अनेकींना विचारला होता. सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. निम्म्या खोटं बोलल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं.

“लोक तुला दगड म्हणतील.”

“म्हणू देत. पण ह्यांनी आयुष्यात एक गोष्ट मनापासून केली, ती ही. मी घरी गेले तर ती फुकट गेली. आणि खरं सांगू? त्यांच्यासाठी राहतेय असंही नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, तरी हे असंच वाटलं असतं मला. ते पाप असेल तर तेही लिहून घ्या.”

“पाप की पुण्य ते मला कळत नाही,” म्हातारी म्हणाली. “जा, तोंड धुऊन ये.”

बाहेर बितेवला ते कळलं तेव्हा तो तिच्यासमोर थुंकला. “कुत्रीसुद्धा मालकाच्या उशाशी बसते,” तो म्हणाला. ती फक्त म्हणाली, “रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाशील. इंजेरा नको, पेज. शब्द दे.” त्याने दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

मग ती चेकोलजवळ गेली. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

“शिरोच्या कालवणात मिरची कमी घाला.”

“का?”

“उगाच. वय झालं आता. पोटाला जड खाऊ नका.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग अंगणातल्या बायकांकडे, मग बितेवकडे. त्याला काय समजलं आणि काय नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. “बरं,” तो म्हणाला. “कमी घालीन.” आणि तिच्या डोक्यावरची पातळ नेतेला ओढणी त्याने सारखी केली, लग्नानंतर कधी केली नव्हती तशी.

विधी म्हणजे मरणाचाच. जी मठात येते ती जगाला मेली, म्हणून तिच्यावर प्रेताच्या प्रार्थना म्हणायच्या. तिरिंगो चर्चच्या फरशीवर पालथी पडली. वरून पांढरं कापड टाकलं. धर्मगुरू गीझ ह्या जुन्या धर्मभाषेत मंत्र म्हणू लागले, धुपाचा धूर झाला. ह्या वेळी रडायचं नसतं. चेकोल मागच्या भिंतीशी उभा होता आणि आपण मनात रडतोय अशा समजुतीत मोठमोठ्याने हुंदके देत होता. कुणी त्याला गप्प केलं नाही. संन्यासिनीची टोपी डोक्यावर येईपर्यंत उठता येतं, हे तिरिंगोला माहीत होतं. तिने फरशीला कपाळ घट्ट लावून धरलं. प्रार्थना लांबलचक होत्या. एकेका ओळीला ती मनातल्या मनात पुन्हा उठत होती आणि पुन्हा पडून राहत होती.

उठली तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि नाव दुसरं होतं. चेकोल खेचरावर बसून निघाला होता. उतारावर बितेव लगाम धरून पुढे चालत होता.

त्यानंतर ती दळण दळायची, पाणी भरायची, पहाटे प्रार्थनेला उभी राहायची. नऊ वर्षांची असताना जे वाटलं होतं ते काही दिवस वाटायचं, काही दिवस मुळीच वाटायचं नाही. न वाटलं त्या दिवशीही ती उभी राहायची. खालून कुणी आलं तरी ती काही विचारायची नाही. मेलेल्या माणसाने विचारायचं नसतं.

मस्कलची पिवळी फुलं सुकायला लागली, त्या सुमारास एका पहाटे मठाच्या फाटकात चार माणसं येऊन उभी राहिली. दूरच्या नातलगाला मरणाचा निरोप द्यायचा तर गावातली जाणती माणसं अशीच पहाटे जातात. पण संन्यासिनीला असा निरोप देत नाहीत. ती स्वतःच मेलेली. ही माणसं एमाहोय हिरुतांकडे आली होती, मृताचं नाव चाळीस दिवसांच्या प्रार्थनेत घालावं म्हणून.

पाहुण्यांचे पाय धुणं हे मठात सगळ्यात नव्या संन्यासिनीचं काम. ती तांब्या आणि घमेलं घेऊन आली. चौघांनीही अंगावरच्या नेतेला शोकात गुंडाळतात तशा गुंडाळल्या होत्या. एक गिरणीशेजारचा लोहार, दोन चर्चचे पंच, चौथा बितेव. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली बसली.

तिच्याशी बोलायचं नव्हतंच. तिने लोहाराचे पाय धुतले, पुसले. पंचांचे धुतले, पुसले. बितेवचे पाय चिखलाने भरले होते, टाचांना भेगा होत्या. तिने त्याची टाच हातात घेतली तशी त्याचा पाय लटलट कापायला लागला. तोंडात नेतेलाचा बोळा कोंबून तो रडत होता.

“हलू नकोस,” ती म्हणाली. “पाणी सांडतंय.”

त्याने पाय स्थिर धरला. तिने बोटांमधला चिखल काढला, दुसरा पाय धुतला, दोन्ही कोरडे केले. मग घमेलं उचलून ती उठली आणि वाट उताराची होती म्हणून जपून पावलं टाकत पाणी ओतायला गेली.