उपासात अंडं

ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात सावेतानं जन्मात कधी अंड्याला बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या कुणी चीज चाखलं, तरी गावभर बोभाटा हीच करायची. आणि आज बहात्तराव्या वर्षी, फाटकासमोरच्या बाकावर, भर दुपारी ती उकडलेलं अंडं सोलत बसली होती. लपूनछपून खायला ती काय चोर होती?

चर्चमध्ये मेणबत्त्या लावून परतणारी तिची नणंद तोदोसिया थबकली. "अगं वहिनी! देवाची तरी लाज बाळग!"

"देवाला माझी मांडी दिसतेय. तुला मेलीला नुसतं अंडं दिसतंय."

जानेवारीत बर्फावर घसरून सावेताच्या मांडीचा स्नायू फाटला होता. बटाटे आणि आंबवलेला कोबी खाऊन ती पडून राहिली, आणि पाय आणखीच वाळला. डॉक्टरीणबाईंनी झापलं, "मावशी, विशीत मक्याच्या घाट्यावरही मांस भरून येतं. तुमच्या वयात शरीर कामचुकार होतं. दर जेवणाला अंडी, दूध, चीज हवं, आणि पायाला कामही हवं."

मुलगा गाव्रिल तर निक्षून सांगून गेला होता, "ईस्टरच्या आधीच्या रविवारी येतो. तोवर गाय तुझी तुला पिळता आली नाही, तर गाय व्यापाऱ्याला आणि तू माझ्याकडे, शहरात, तिसऱ्या मजल्यावर."

तिसऱ्या मजल्यावर! तिथे ती करणार काय, खिडकीतून कबुतरं मोजणार?

तेव्हापासून ती रोज त्या बाकावरून उठायची, बसायची, कण्हायची, शिव्या घालायची आणि पुन्हा उठायची. गाव तोंडात बोटं घालून बघत होतं. बघेना का!

रविवारी गाव्रिल आला, मागोमाग व्यापाऱ्याचा ट्रक. सावेता गोठ्यात बुटक्या स्टुलावर बसली आणि गाय पिळली. पिळणं सोपं होतं, उठणं अवघड. ती अर्धी उठली, मांडी थरथरली, पुन्हा धपकन खाली बसली. दारात तोदोसिया डोक्यावरच्या रुमालाआड ओठ चावत उभी होती.

"आई, पुरे." गाव्रिलनं हात पुढे केला.

"हात मागे घे!"

ती पुढे वाकली, दात घट्ट आवळले, आणि उठली. पुरती, सरळ. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही. बादलीतलं मगभर दूध घेतलं आणि दोघांच्या देखत गटागटा प्यायली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"वाट सोडा," ती म्हणाली. "त्याला मी सांगते, गाय विकायची नाही."