तोरूची डावी बाजू

मी एक जुनी डागणी आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. मी जनावरांना डागत नाही, लाकडाला डागते. एक पत्र्याचा डबा, त्यावर उष्णता कमीजास्त करायची चकती, डब्यातून निघालेली वायर, लाकडी मूठ आणि मुठीच्या टोकाला वाकवलेली बारीक तार, एवढेच माझे शरीर. तार लाल झाली की लाकडावर टेकवायची. टेकवून उचलली तर ठिपका, ओढली तर रेघ आणि विसरून तिथेच ठेवली तर भोक. माझी विद्याही एवढीच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्या देशात झाला तो देश पुढे नकाशावरून गेला. त्याचे मला फारसे दुःख नाही, कारण मी तिथे थोडेच दिवस होते. शाळकरी मुलांसाठी माझ्यासारख्या ढिगाने डागण्या खोक्यांत भरून निघाल्या आणि मी नारिन नावाच्या डोंगरी शहरातल्या एका शाळेत पोहोचले. तिथून हस्तकलेचे बक्षीस म्हणून बुरुलकान नावाच्या मुलीच्या घरी गेले. तिने पहिल्याच दिवशी माझ्याकडून मांजर काढून घेतले. ते मांजर आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगावे लागले.

बुरुलकान लग्न होऊन डोंगराकडच्या खेड्यात आली, तेव्हा तिच्या पेटीत रजयांच्या तळाशी मी होते. तिचे सासरे एसेनाली यांचा जन्म घोड्यांचे कळप राखण्यात गेलेला. माणूस उंच, बोलणे कमी. सुनेने सासऱ्याचे नाव घेऊ नये, त्यांच्याकडे पाठ करून बसू नये, असा तिथला रिवाज. सुनेने लाकूड जाळत बसावे की नाही, याबद्दल रिवाजात काही नव्हते, पण विचारायची तिची छाती झाली नाही. तंदुरात भाकरी लावली की ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मला सुरू करी. धूर काही कोपऱ्यात राहत नसे.

"सूनबाई, भाकरी आजपण करपली वाटतं?" म्हातारा अंगणातून विचारी.

"हो मामंजी, जरा दुर्लक्ष झालं," ती म्हणे.

अशा रीतीने उत्तम भाकरी भाजणारी ती बाई गावभर करपवणारी म्हणून गाजली. शेवटी शेजारच्या सोनुनबूने घात केला. बुरुलकानने तिला तिच्या मेंढीचे चित्र करून दिले होते. ते हातात घेऊन ती अंगणातच ओरडली, "अगं बुरुल, ही मेंढी थेट माझ्या जावेसारखी उतरलीय! आणखी एक काढ, जावेलाच देते!"

म्हाताऱ्याने चित्र मागून घेतले, बराच वेळ पाहिले आणि परत दिले. "घर तेवढं जाळू नकोस," असे म्हणून तो घोड्याकडे गेला. त्या घरात याला कौतुक म्हणत.

मग मी उजळ माथ्याने काम करू लागले. गावातले कुत्रे, बोकड, याक, कुणाची गाय, सगळे माझ्या तारेखालून गेले. बुरुलकानची एक पद्धत होती. फोटोवरून पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचे, कागद फळीवर पालथा घालायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचे. पेन्सिल लाकडावर उतरली की माझे काम सुरू. यात प्रत्येक जनावराचे तोंड फिरत असे. डावीकडे पाहणारा कुत्रा उजवीकडे पाहू लागे. मालकाची त्याला हरकत नसे. कुत्र्याची तर नसेच.

पुढे ओढाताणीचे दिवस आले. वीज वरचेवर जाऊ लागली आणि बुरुलकान दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढायला जाऊ लागली. मी कांद्यांच्या टोपलीमागे पडून राहिले. उंदराने माझी वायर कुरतडली. मी रागावले नाही. उंदरालाही दातांना काहीतरी काम लागतेच. त्याच काळात एसेनालींची नजर गेली.

डोळे गेले तरी तोरू होता. तोरू म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस घोडा; तिथे घोड्याला रंगावरूनच हाक मारतात. म्हातारा फक्त वर बसायचा. नदी कुठे, दरड कुठे, घर कुठे, ते तोरू पाहायचा. लोक गमतीने म्हणत की एसेनालीला चार पाय आणि दोन डोळे नवे मिळाले.

एका हिवाळ्यात म्हातारा बहिणीकडे पाहुणा गेला असताना तोरू बर्फावर घसरला आणि त्याचा पाय मोडला. मुलगा दोतबेक, म्हणजे बुरुलकानचा नवरा, त्याने अशा वेळी जे करतात ते केले. मांस सोयऱ्याधायऱ्यांत वाटले गेले. म्हातारा परतला आणि त्याला सांगण्यात आले. त्याने एकच विचारले; तिथे लाडक्या घोड्याची कवटी मान म्हणून उंच जागी ठेवतात.

"कवटी उंचावर ठेवलीस ना?"

"ठेवली, बाबा."

"मग झालं."

पण झाले नव्हते. त्याने त्या मांसाला हात लावला नाही आणि हळूहळू इतर अन्नालाही लावेनासा झाला. दुधाचा चहा तेवढा घेई. रोज सकाळी लगाम खांद्यावर टाकून तबेल्यात जाई, रिकाम्या जागी उभा राही आणि परत येई.

"असंच चाललं तर उन्हाळ्यात कळप वर चरायला जायच्या आत बाबा जातील," दोतबेक म्हणाला.

बुरुलकानने कांद्यांमागून मला काढले, दोतबेककडून वायर जोडून घेतली आणि त्यालाच तबेल्यातल्या गव्हाणीची पुढची फळी उचकटायला सांगितले. फळी चिनाराची होती आणि तिची वरची कड तोरूने वर्षानुवर्षे कुरतडलेली होती. खिळे कुरकुरले तसा म्हातारा आतून गरजला.

"गव्हाणीला कोण हात लावतंय?"

"मी, मामंजी."

"कशाला?"

"काम आहे."

लग्न झाल्यापासून तिने सासऱ्यांना दिलेले हे पहिले तोकडे उत्तर.

हे चित्र डोळ्यांसाठी नव्हते, बोटांसाठी होते. म्हणून तिने मला नेहमीपेक्षा जास्त तापवले आणि रेघा खोल ओढल्या. आयाळीचा केस न् केस, नाकपुडीची कड, पोटाखालचा पट्टा, सगळे हाताला लागावे असे. मांडीवर त्यांच्या घराण्याचा डाग, घोडा कुणाचा ते सांगणारी खूण, उमटवला: काठीवर टेकलेली चंद्रकोर. सोनुनबू येऊन म्हणाली, "आता हा कान हलवील बघ!" दोतबेकने नुसतेच नाक ओढले. मला स्वतःला ते काम बरे वाटले.

सकाळच्या चहानंतर फळी म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. बोटे आधी कुरतडलेल्या कडेवरून गेली. "गव्हाण," तो पुटपुटला. मग नाक, कपाळ, मान, पाठ. चेहरा सैल होत चालला होता. बोटे घोड्याच्या मांडीवर आली, डागाला लागली आणि थांबली. पुन्हा नाकापासून सुरुवात करून पुन्हा तिथेच थांबली.

"सूनबाई, हा घोडा कुणाचा?"

"तोरू आहे, मामंजी."

"याचं तोंड माझ्या उजव्या हाताला आहे. म्हणजे मी याच्या उजव्या अंगाला उभा आहे. आम्ही डाव्या मांडीवर डागतो. उजव्या मांडीवर डागतात ते खिंडीपलीकडचे."

"घोडेचोर मेले," दारात उभ्या सोनुनबूच्या तोंडून निघून गेले.

म्हाताऱ्याने फळी खाली ठेवली. "माझा घोडा गेला, इथवर ठीक होतं," तो म्हणाला. "आता तो दुसऱ्याचा झाला."

पालथ्या कागदाने इतकी वर्षे कुणाचे काही बिघडवले नव्हते. ते सगळे एका दिवसात भरून निघाले. बुरुलकान तंदुराशी जाऊन रडली.

"रडतेस काय? दुसरी फळी आणतो," दोतबेक म्हणाला.

"त्याच्या दातांची दुसरी फळी कुठून आणाल?"

मित्रांनो, पेन्सिल पुसता येते, रंगावर रंग देता येतो. मी ओढलेली रेघ मात्र राहते. फार तर सुरीने खरवडता येते आणि तिथे खळगा पडतो. बुरुलकान फळी हातात घेऊन बसली. बसता बसता तिने ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

उजव्या मांडीवर तोरूला डाग नव्हताच. तेव्हा पहिल्या बाजूचा डाग तिने सुरीने खरवडून टाकला, आणि ती बाजू खरोखर त्याची उजवी बाजू झाली. मग मागच्या बाजूवर तिने डावी बाजू काढायला घेतली. या वेळी कागद उताणा ठेवून तिने खिळ्याच्या टोकाने रेघा दाबून घेतल्या. आम्ही दोघींनी मन लावून काम केले. मांडी मात्र तिने कोरी ठेवली.

नंतर ती मला तापत्या तारेसकट सासऱ्यांपुढे घेऊन गेली. त्यांचा हात आपल्या हाताने धरून तिने मुठीवर ठेवला. तिथल्या सुना असे करीत नाहीत.

"तोंड तुमच्या डाव्या हाताला आहे, मामंजी. डाग तुम्हीच द्या."

"एवढंसं लोखंड?" म्हातारा म्हणाला. पण हाताला सवय होती. डाव्या हाताने त्याने मांडी चाचपून जागा धरली, मला टेकवले, चंद्रकोर ओढली, खाली काठी ओढली. रेघ जराही हलली नाही. धूर वर आला आणि त्याने तो नाकात भरून घेतला. मी आजवर केलेल्या सगळ्या कामांत ते मला सर्वांत जवळचे आहे.

"चला, डागला," तो म्हणाला. मग त्याने मान वळवली. "दोतबेक, हात धुवायला पाणी आण. सूनबाई, वाढ. घोड्याला डाग दिल्यावर माणसं उपाशी उठत नाहीत."

बुरुलकान वाढत राहिली. म्हातारा जेवत होता.

फळी तबेल्याच्या तुळईला दोरीने टांगली आहे. मी आता खिडकीत असते. तार झिजली आहे. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी डागणी तुमच्याकडे पडून असेल तर तिची वायर उंदरांपासून जपा, टोकावरची काजळी पुसा, काम झाल्यावर वीज बंद करा. आणि कुणाच्या लाडक्या जनावराचे चित्र काढायला बसाल, तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी त्या माणसाला विचारा: तुम्ही त्याच्या कोणत्या अंगाला उभे राहत होता?