खुर्चीतली पेशंट

घरात एकाची परीक्षा असली की सगळं घरच परीक्षेला बसतं, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको. या घरात तर सुनेची परीक्षा होती आणि तीही साधीसुधी नव्हे. परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आली होती, पण परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला कुणाला एक गोळीसुद्धा लिहून देता येणार नव्हती. मागच्या खेपेला थोडक्यात हुकली होती. त्यामुळे यंदा सासूबाईंनी कंबर कसली होती. मिक्सर फिरायचा तो सून अंघोळीला गेली की. टीव्ही मुका चालायचा. दारात आलेल्या पाहुण्याला "ती अभ्यासाला बसलीय हं" असं कुजबुजून चहाविनाच वाटेला लावलं जायचं. सुनेचा नवरा नोकरीसाठी परगावी असायचा. सुट्टीला आला की बिचारा स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालायचा.

फार्माकोलॉजी, पॅथॉलॉजी आणि फिजिऑलॉजी या तीन विषयांना सासूबाईंनी 'तीन जावा' असं नाव ठेवलं होतं. "एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसून बसते. माझ्या अगदी अश्शाच होत्या." सून हसायची, पण तिचं वाचलेलं काही केल्या डोक्यात टिकत नव्हतं. शेवटी तोडगाही सासूबाईंनीच काढला.

"मला पेशंट कर. मी खुर्चीत बसते, काय होतंय ते सांगते. तू रोग ओळख आणि औषध सांग."

झालं. दुपारची जेवणं आटोपली की खेळ सुरू. सुनेनं लक्षणांच्या चिठ्ठ्या करून एका डब्यात टाकल्या होत्या. सासूबाई त्यातली एक उचलायच्या आणि तिच्यात पदरचं भरपूर घालायच्या. धाप लागणाऱ्या बाईला आळशी नवरा मिळायचा, पोट दुखणाऱ्या बाईला खाष्ट सासू. "डॉक्टरीणबाई, माझ्या सासूसारखी सासू वैरिणीलाही मिळू नये," असं म्हणून त्या तोंड वाकडं करायच्या आणि सुनेची हसून पुरेवाट व्हायची. हसता हसता उजळणीही होत होती. तिन्ही जावा हळूहळू एका पंगतीला बसू लागल्या होत्या.

परीक्षेला आठवडा राहिला असताना एका दुपारी सासूबाई चिठ्ठी न उचलताच खुर्चीत बसल्या.

"चिठ्ठी?" सुनेनं विचारलं.

"आजची मला पाठ आहे."

"बरं. बोला बाई, काय होतंय?"

"गुडघे दुखायचे हो फार. शेजारणीकडे गोळ्या होत्या, तिला गुण आला होता. म्हटलं, आपल्यालाही येईल. महिनाभर रोज घेतेय."

"आणखी कुठली औषधं?"

"ब्लडप्रेशरची गोळी. आणि लघवी साफ व्हायची एक. पण हल्ली लघवी होतच नाही फारशी. पाय सुजतात. अन्नावर वासना नाही. आणि दमायला तर असं होतं, की भांडी विसळता विसळता मध्येच बसावं लागतं."

सासूबाईंना स्वतःला त्या दोन गोळ्या चालू आहेत, हे सुनेला माहीत होतं. पण त्या नेहमीच आपल्या घरातलं काहीबाही पेशंटच्या तोंडी घालायच्या, त्यामुळे तिला त्यात वावगं वाटलं नाही. उलट तिचे डोळे चमकले.

"दुखण्यावरच्या गोळीनं किडनीला रक्त कमी पोचतं. त्यात तुमच्या आधीच्या दोन गोळ्या. तिघी मिळून किडनीचा गळा आवळतायत. शेजारणीची गोळी आत्ता बंद. बाकीच्या दोन्ही बरोबर घेऊन दवाखान्यात चला, रक्त आजच्या आज तपासायचं."

"आजच?"

"आजच. थांबलात तर किडनी हातची जाईल."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "बरी होते का गं ती बाई?"

"वेळेवर आली तर होते. आई, काय झकास काम केलंत आज! मला तर खरंच वाटलं. घ्या, आता पुढची."

सासूबाईंनी डब्यात हात घातला. पुढची चिठ्ठी दम्याची निघाली.

दोन दिवसांनी खेळता खेळता डबा कलंडला आणि चिठ्ठ्या खुर्चीखाली पसरल्या. त्या गोळा करायला सून वाकली, आणि सासूबाईंची पावलं तिच्या डोळ्यांसमोर आली. घरात घालायच्या चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. तिनं घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"आई, परवाची ती बाई तुम्हीच होतात."

"अगं, आठवडा तर राहिला होता. तुझा पेपर झाला की जाणारच होते. त्या गोळ्या बंद केल्यात मी, तू सांगितलंस तेव्हापासून."

"मग मला नीट सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. पेशंटच्या तोंडून सांगितलं. म्हटलं, तुझा अभ्यासही मोडायला नको. वेळेवर आली तर बरी होते म्हणालीस, तेवढ्यानं धीर आला बघ."

सुनेनं पुस्तक मिटलं, गाडी बोलावली आणि सासूबाईंचा हात धरून थेट घरच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. या वयस्कर बाईंनी घरातल्या सगळ्यांची दुखणी काढली होती. रक्ताचा रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "किडनी थकलीय, पण वेळेत आलात. आठवडाभर इथंच राहा."

बाहेरच्या बाकावर सुनेला रडू आवरेना. "मी अचूक ओळखलं, आणि वर शाबासकी दिली त्यांना. मी कसली डॉक्टर होणार?"

"तुझं उत्तर बरोबरच होतं," डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बसत म्हणाल्या. "फक्त खुर्चीत कोण बसलंय ते बघायचं राहिलं. आता जन्मभर बघशील. पण सगळा दोष आपल्या माथी मारून घेऊ नकोस. घरातली बाई दुखणं सांगायला बरी वेळ शोधत असते. आज मुलाची परीक्षा, उद्या पाहुणे, परवा आणखी कुणाचं आजारपण. तिची पाळी काही येत नाही. शेजारणीची गोळी घेतली की कुणाचा वेळ मागावा लागत नाही, म्हणून ती घेते."

मग त्या आत गेल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "सुनेला डॉक्टर करायला निघालात, आणि तिची पहिली पेशंट तिच्यापासूनच लपवलीत होय?" सासूबाई ओशाळून हसल्या.

चार दिवसांत सूज उतरली. मुलगा रजा काढून आला आणि उशाशी बसून राहिला. शेजारीण डोळे पुसत आली. "मी आपली मायेनं दिल्या हो," म्हणाली. माया खरीच होती, पण गोळीला माया कळत नाही. सुनेनं दवाखान्यातच उरलेली उजळणी केली आणि तिथूनच जाऊन परीक्षा दिली.

वाचकहो, आपल्या घरातही अशी एक खुर्ची असेल. तिच्यात बसणारी बाई आपलं दुखणं हसण्यावारी नेत असेल, दुसऱ्याची गोळी उसनी घेत असेल आणि आपली पाळी कधी येतेय याची वाट बघत असेल. तिला आजच विचारा. आणि विचारल्यावर तिच्या पायांकडेही बघा.

निकाल अजून लागलेला नाही. तरी दुपारचा खेळ पुन्हा सुरू झालाय, एका नव्या नियमासह. सासूबाईंनी डब्याकडे हात नेला की सून डबा मागे ओढते.

"आधी खरं, मग चिठ्ठी. काय होतंय?"

परवापर्यंत त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मला काय धाड भरलीय?" काल मात्र त्या लाजत, चोरी कबूल करावी तशा म्हणाल्या, "मान दुखतेय गं सकाळपासून."

सुनेनं डबा बाजूला ठेवला आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.